आयरिश न्याहारी आणि आजीची रक्ती



आसनगाव स्टेशनवर पहाटेच्या लोकलची वाट पाहणाऱ्यांना विचारून पाहा, "घरून काय खाऊन निघालात?" बहुतेकांचे उत्तर एकच, "चहा-बटर." मुरबाडहून एस.टी.ने कल्याण गाठणाऱ्यांची किंवा एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांची गत वेगळी नाही. आमचेही तेच. आमची आई मात्र सांगते, भातलावणीला निघताना तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कांदा खाल्ल्याशिवाय कुणी उंबरठा ओलांडत नसे.

हे आठवायचे कारण आमची भाची. ती आयर्लंडमध्ये डब्लिनला परिचारिका आहे. मागे सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, "मामा, रविवारी तुम्हाला तिकडची न्याहारी खाऊ घालते." आम्ही हरखलो. साहेबी ताट शहापुरात आपल्या घरी येणार!

तिने यादी सांगितली. डुकराच्या मांसाच्या खारवलेल्या चकत्या, सॉसेज, अंडी, टोमॅटो, अळंबी, सोडा घातलेला पाव, लोणी, कडक चहा आणि काळे पुडिंग. आम्हाला वाटले, पुडिंग म्हणजे काही गोड असेल. ती म्हणाली, "नाही मामा. डुकराचे रक्त, ओटचे भरड पीठ आणि चरबी आतड्यात भरून शिजवतात. मग चकत्या करून तळतात. मोठ्या हॉटेलांतही पाहुण्यांना वाढतात."

कोपऱ्यात कांदा चिरत बसलेली आई म्हणाली, "अगं, मग ही तर आपली रक्तीच की!"

आम्ही गप्प झालो. कारण सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी सौ.नी डब्यात रक्ती दिली होती. टेबलाभोवती सगळे जेवायला बसले, आणि आमचा हात झाकणावरून मागे आला. डबा तसाच घरी आणला व "आज भूक नव्हती" असे खोटे सांगितले. त्यानंतर डब्यात रक्ती कधी गेली नाही. हळूहळू घरातही बंद झाली. मुलांना तर तिचे नावही ठाऊक नव्हते.

आयरिश माणसाचा इतिहास काही श्रीमंतीचा नाही. गरीब कुटुंब डुक्कर पाळी, ते विकून जमीनदाराचा खंड भरी आणि स्वतः बटाट्यावर जगे. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. १८५२ पर्यंतच्या त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, तेवढीच देश सोडून गेली. अशा लोकांना जनावराचे रक्तही वाया घालवणे परवडणारे नव्हते. आज तेच रक्ताचे पुडिंग ते अभिमानाने ताटात मांडतात. आपल्याकडेही शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या माणसांची अशी खाणी लिहून ठेवली. २०२४ साली ते इंग्रजीतही गेले. लिहून ठेवण्याजोगे ते होते, म्हणूनच ना?

तर रविवारी चूल पेटली. सॉसेजऐवजी खिम्याच्या वळकट्या, खारवलेल्या चकत्यांऐवजी तव्यावर भाजलेले सुके बोंबील. पावाला भट्टी लागत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तो तव्यावरच भाजतात. दोन वाट्या गव्हाचे पीठ, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, मीठ आणि साधारण वाटीभर आंबट ताक लागेल तसे घालावे. पीठ फार मळू नये. आंबट ताकाने सोडा फसफसतो व पाव हलका होतो. बोटभर जाडीची भाकरी थापून चार तुकडे करावेत आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटे भाजावेत.

रक्ती आईने केली. ओळखीच्या खाटकाकडून त्याच दिवशीचे ताजे रक्त आणले. मीठ घालून थिजू दिले, उकळत्या पाण्यात आतपर्यंत घट्ट शिजवले आणि तुकडे करून कांदा, लसूण, हिरव्या मिरचीवर परतले.

भाचीने पहिले ताट आजीपुढे ठेवले. "आधी सगळ्यांना वाढ," म्हणत आई उठू लागली, तर तिने हात धरून बसवले. म्हणाली, "आजी, तुझ्याच ताटात नेहमी कमी उरतं." आम्ही कारकून माणूस, रोज हिशेब मांडतो. पण घरातला हा हिशेब इतक्या वर्षांत आम्ही मांडला नव्हता.

तो मांडायला हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्तीतले लोह शरीराला सहज लागते. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी नाचणी, उसळ, पालेभाजी घ्यावी व वर लिंबू पिळावे. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण तो लोह अंगी लागू देत नाही. आपल्या घटनाकारांनी राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे घेतली ती आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून. त्यांतच ४७ वे कलम लोकांचे पोषण वाढवणे हे सरकारचे कर्तव्य मानते. सरकारला त्याची आठवण आपण देऊच. पण घरातल्या बाईचे ताट आधी भरायला कुठल्या कलमाची वाट पाहायची?

पुढच्या बुधवारी आम्ही सौ.ना सांगून डब्यात रक्ती नेली. झाकण उघडले. शेजारच्या सहकाऱ्याने विचारले, "आज काय आणलंय?"

आम्ही नाव सांगितले आणि डबा त्यांच्यापुढे सरकवला.