लक्ष्मी रोड: सोहळा पुरे, वेळापत्रक काढा

पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा तुकडा गाड्यांना बंद. रस्त्यात बाकडी, कुंड्या, पथनाट्य, मुलांचे खेळ आणि फोटोपुरते चालून दाखवणारे साहेब. दुसऱ्या दिवशी बॅरिकेड टेम्पोत चढतात आणि पायी माणूस पुन्हा दुकानाच्या पायरीला चिकटून, खांदा आडवा करून चालू लागतो. दिन पाळायला माझी हरकत नाही. बैलांचाही पोळा असतो. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा औताला जुंपतात, तसंच हे चाललंय.

माझी मागणी सरळ आहे. हाच तुकडा रोज सकाळी अकरा ते रात्री नऊ फक्त पायी चालणाऱ्यांना द्या. नवा आराखडा नको, सल्लागार नको, उद्घाटन तर मुळीच नको. वेळापत्रक काढा.

असं म्हटलं की पहिला आवाज व्यापाऱ्यांचा येतो, आणि तो ऐकायला हवा. त्यांचं म्हणणं असं: लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब पंधरा साड्या आणि मानपानाची पातळं घेऊन कुठवर चालेल? गुडघे गेलेल्या आजींनी अंगठी मोडायला कसं यायचं? गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल. यातली आजींची अडचण खरी आहे, तिच्याकडे येतोच. गिऱ्हाईक जाईल हे मात्र पटत नाही, कारण त्याचं उत्तर व्यापाऱ्यांच्या पाठीमागच्याच गल्लीत आहे. तुळशीबागेत गाडी शिरत नाही. तिथे पार्किंग नाही, एसी नाही, धड उभं राहायला जागा नाही. तरी चार वाजल्यानंतर तिथे बांगड्यांच्या दुकानापुढे बायकांना नंबर लावावा लागतो. त्या बायका लक्ष्मी रोड ओलांडूनच आत जातात. अख्ख्या पेठेत सर्वांत जास्त गर्दी खेचणारी बाजारपेठ चालतच गाठावी लागते, आणि शेजारचा रस्ता म्हणतो, गाडी थांबली तर धंदा बसेल!

मग दारात लागलेल्या त्या गाड्या असतात कुणाच्या? हे बघायला संध्याकाळी जाऊ नका, सकाळी साडेदहाला जा. शटर अर्धं वर गेलेलं असतं, आत पोऱ्या पाणी मारत असतो. सेल्समन येतात, गाडी स्टँडवर, हँडल लॉक, हेल्मेट हातात घेऊन आत. पाठोपाठ शेठ येतात, त्यांचीही गाडी तिथेच. गिऱ्हाइकाचा अजून पत्ता नाही आणि फुटपाथला लागून दुचाकींची ओळ लागून मोकळी. ती हलते ती रात्री शटर पडताना, किंवा पी-वन पी-टूचं, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगचं, गणित चुकून टोइंगवाले आले तर. ज्या जागेवर दिवसभरात वीस गिऱ्हाइकं गाडी लावू शकली असती, ती जागा एकाच गाडीनं दहा तास अडवलेली. थोडक्यात, व्यापारी ज्याच्यासाठी भांडतोय ते गिऱ्हाइकाचं पार्किंग नाहीच. ते त्याचं स्वतःचं आणि त्याच्या नोकरांचं आहे. नोकरांनाही गाडी कुठेतरी लावायचीच आहे, हे मान्य. पण मग भांडण त्या नावानं करा.

आता फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या 2012 च्या निकषांप्रमाणे फुटपाथ रस्त्यापासून 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको, म्हणजे वीतभरही नाही. रुंदी किमान 1.8 मीटर, बाजारात त्याहून जास्त. लक्ष्मी रोडवर टेप घेऊन जायची गरज नाही, साडी नेसलेल्या बाईला उतरताना पाहिलं तरी पुरे. एक हात खांबाला, दुसऱ्यात पिशवी, पाय खाली टाकायला जागा शोधायची तर तिथे मोपेडचं चाक. वर राहावं तर दुकानाच्या पायऱ्या फुटपाथवर उतरलेल्या, त्यांच्यापुढे अनारकली घातलेला पुतळा, पुढे उचकटलेला ढापा. ती रस्त्यावरूनच चालते. मागून हॉर्न वाजतो आणि गाडीवाला वर म्हणतो, फुटपाथ कशाला दिलाय?

ज्याला हे किरकोळ वाटतं त्याच्यासाठी केंद्र सरकारचाच आकडा: 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटपाथवरून चालण्याचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं बजावलं. पुण्याकडे स्वतःचं पादचारी धोरण 2016 पासून आहे. धोरणांच्या बाबतीत आपण कधीच कमी पडत नाही.

रस्ता बंद केला तर शहर ठप्प होईल, ही दुसरी भीती. अनंत चतुर्दशीला हाच रस्ता विसर्जन मिरवणुकीसाठी चोवीस तासांहून अधिक काळ बंद असतो. शहर ठप्प होत नाही, कारण महिनाभर आधी पोलीस, महापालिका, पीएमपी आणि मंडळं एकत्र बसून कुठली बस कुठून वळेल ते ठरवतात. त्या दिवशी दुकानंही बंद असतात, त्यामुळे धंद्याचा पुरावा म्हणून हे दाखवता येणार नाही. पण वाहतूक वळवता येते एवढं तर सिद्ध होतं. गणपतीसाठी जमतं ते माणसांसाठी का जमू नये?

दिल्लीच्या चांदणी चौकानं सप्टेंबर 2021 पासून हेच केलंय. लाल मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे 1.3 किलोमीटरचा रस्ता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंद. तिथे सगळं गुलाबी नाही. पहारा ढिला पडला की दुचाकी घुसतात, हातगाड्या आणि सायकलरिक्षांची गर्दी होते, देखभालीच्या तक्रारी आहेत. त्यातून शिकायचं ते हे की दगडी फरशीपेक्षा रोजचा पोलीस महत्त्वाचा. कोपनहेगननं 1962 मध्ये स्ट्रॉयट हा आपला मुख्य बाजाररस्ता बंद केला तेव्हा तिथले दुकानदारही म्हणाले होते, आम्ही डॅनिश आहोत, इटालियन नाही, रस्त्यावर रेंगाळायची आम्हाला सवय नाही. आज त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मला त्यापेक्षाही आवडते ती त्यांची पुढची चाल: शहराच्या मध्यातलं पार्किंग त्यांनी दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनीच कमी केलं, कुणाच्या फारसं लक्षात येणार नाही अशा बेतानं. आपल्याकडे 2018 मध्ये पार्किंग धोरण आलं ते एवढा गाजावाजा करून की दर पाहूनच आरडाओरडा झाला, पाच रस्त्यांवर प्रयोग करू म्हणत सभागृहानं सुटका करून घेतली आणि ते कागदावरच राहिलं.

पुण्यात दरम्यान एक गोष्ट बदलली आहे आणि वादात तिचं नावही निघत नाही. 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली आणि मंडईत स्टेशन झालं. म्हणजे पिंपरीतून बस्त्याला निघालेलं कुटुंब आता लक्ष्मी रोडच्या हाकेच्या अंतरावर उतरतं. त्या शेवटच्या अंतरात त्यांना काय मिळतं? भाजीच्या टेम्पोंची रांग. मेट्रोवर कोट्यवधी खर्चून स्टेशनच्या दारातून बाजारापर्यंत सरळ चालता येत नसेल, तर तो पैसा अर्धा वाया गेला असं मी तरी म्हणेन.

आजींसाठी बॅटरीवरच्या छोट्या गाड्या मंडई स्टेशन ते गरुड गणपती अशा सोडता येतील. माल सकाळी साडेदहाच्या आत उतरवायचा; ज्या हमालांना आज रहदारीत हातगाडी रेटावी लागते ते दुवाच देतील. खरा पेच वाड्यांत राहणाऱ्यांचा आहे. पेठेतला माणूस बाजारात गिऱ्हाईक म्हणून आलेला नसतो, तो घरी चाललेला असतो. त्याला पास, त्याच्या दाराशी रुग्णवाहिका आणि गॅसची गाडी, हे पहिल्या दिवसापासून हवं. ते विसरलात तर योजना आठवड्यात पडेल, आणि पडावीच. कुमठेकर आणि केळकर रस्त्यांवर वळणाऱ्या गर्दीचा भारही त्याच रहिवाशांवर येणार आहे. तिथल्या दुहेरी पार्किंगला आधी हात घातल्याशिवाय लक्ष्मी रोडवर बॅरिकेड लावू नये.

पथारीवाल्यांना हुसकून रस्ता मोकळा केल्याचं दाखवणं सोपं असतं. त्यांच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे आणि त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे. दुचाकींची ओळ हटली की जी पट्टी मोकळी होईल तिच्यातच रुमाल, हेअरपिना आणि रांगोळीचे ठसे विकणाऱ्यांना आखून जागा देता येईल.

रहदारी बंद ठेवण्याचा आदेश वाहतूक पोलीस काढतात, फुटपाथ महापालिकेचा, बस पीएमपीची, स्टेशन महामेट्रोचं. चौघांनी मिळून सुरुवातीला फक्त शनिवार-रविवार घ्यावेत, सलग तीन महिने, पितृपंधरवड्यापासून दिवाळी धरून. दुकानदारांनी त्या तीन महिन्यांची विक्री मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावी. विक्री घटली तर सोमवारपासूनचा विषय सोडून देऊ.