जनुक गप्प झाले, म्हणजे कर्करोग हरला असे नव्हे

‘अमुक जनुक बंद केले आणि कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबली,’ अशा बातम्या आता वरचेवर येतात. आपल्या वाशीम जिल्ह्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा पानठेल्यावर सहज मिळतो. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण ज्या घरात आहे, तिथे ही बातमी औषधाची वर्दी म्हणून वाचली जाते. तशी ती वाचली जाऊ नये, आणि तरीही या संशोधनाला समाजाने पाठबळ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. या प्रयोगांतून आज हाती येते ते रोगाच्या चालीचे ज्ञान. त्या ज्ञानाचा पहिला उपयोग आपल्या जिल्ह्यात औषधाची वाट न पाहता करता येतो.

प्रयोग समजायला अवघड नाही. जनुकातला मजकूर आधी संदेशवाहक आरएनएत उतरतो आणि त्यावरून पेशी प्रथिन बनवते. दुपदरी आरएनए पेशीत सोडला की त्याच्याशी जुळणारा संदेश नष्ट होतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवले. 2006 चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. जनुक जागेवरच राहते, पण त्याचे प्रथिन फारसे तयार होत नाही. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. मिलिंद वैद्य आणि सहकाऱ्यांनी जिभेच्या कर्करोगाच्या पेशींत केराटिन-8 हे प्रथिन याच पद्धतीने कमी केले. पेशींची हालचाल मंदावली, आजूबाजूच्या थरात घुसण्याची ताकद घटली आणि गाठ तयार करण्याची क्षमताही कमी झाली. हे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

मग केराटिन-8 बंद करणारे इंजेक्शन का काढत नाहीत, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याचे पहिले उत्तर असे, की दुसऱ्या एका संशोधकगटाने 2013 मध्ये वेगळ्या कर्करोग पेशींतून केराटिन-8 आणि 18 कमी केले, तेव्हा त्या पेशी उलट अधिक वेगाने पुढे सरकल्या. एकाच प्रथिनाचे काम पेशीगणिक बदलते, म्हणून एका प्रयोगावर रुग्णाचा जीव सोपवता येत नाही. दुसरी अडचण पोहोचवण्याची. काचेच्या बशीत आरएनए प्रत्येक पेशीपर्यंत जातो, पण रक्तात तो लवकर तुटतो आणि बराचसा यकृताकडे वळतो. या पद्धतीचे पहिले औषध 2018 मध्ये मान्य झाले ते एका आनुवंशिक आजारासाठी, आणि तेही यकृतातल्या जनुकावरचे. अनेक जनुके एकदम दाबणाऱ्या एमआरएक्स-34 या औषधाची कर्करोगावरची चाचणी 2016 मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली.

मग यावर खर्च कशाला, हा आक्षेप रास्त वाटला तरी टिकत नाही. पेशीची वाढ आणि पेशीची हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अशाच प्रयोगांतून नेमके तपासता येते. गाठ वाढली तर ती दिसते. पेशी मानेतल्या लसिकाग्रंथींत शिरल्या तर सुरुवातीला हातालाही लागत नाहीत. हालचालीची किंमत किती, हे टाटा रुग्णालयाने 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीतून कळते. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात मानेतल्या ग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. ग्रंथींत रोग दिसल्यावरच त्या काढायच्या असे ठरवलेल्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के होते. पुढे कोणत्या रुग्णाच्या पेशी हलणार हे आधी ओळखता आले, तर कुणाच्या मानेवर शस्त्रक्रिया हवी आणि कुणाची टाळता येईल, हे नेमकेपणाने ठरवता येईल.

वाशीमला आधी डॉक्टर हवेत, जनुके नंतर, असेही म्हटले जाईल. पण या दोन गरजा एकमेकींच्या आड येत नाहीत. पेशी हलण्याआधी रोग पकडायचा, तर तोंड उघडून पाहणारी प्रशिक्षित नजर लागते. केरळमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी अशी तपासणी केली, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे 2005 मध्ये दिसले. वाशीमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले आहे. पांढरे-लाल चट्टे, तिखटाने होणारी आग, तोंड पुरते न उघडणे या तक्रारींची तपासणी खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाला मानोरा, रिसोडसारख्या तालुक्यांतच नियमित मिळावी, आणि तिची सूत्रे या महाविद्यालयाने हाती घ्यावीत. रुग्णाच्या संमतीने घेतलेले नमुने आणि व्यवस्थित नोंदी संशोधन संस्थांपर्यंत जाव्यात. आपल्या भागातल्या रुग्णांचे नमुने संशोधनात नसतील, तर उद्याच्या औषधाची पारखही त्यांच्यावाचूनच होईल. जनुक गप्प करणारे औषध येईल तेव्हा येईल. खर्रा सोडवणे आणि तोंड तपासणे ही कामे मात्र आजच सुरू करता येतात, आणि ती न करण्याला विज्ञानाच्या अपुरेपणाची सबब चालणार नाही.