पणजीचें माहेर

भाद्रपदाच्या वद्य पक्षांत सोलापुरास आमच्या घरीं महालयाचें श्राद्ध होतें. पिता, पितामह, प्रपितामह यांच्याप्रमाणेंच माता, पितामही व प्रपितामही यांचीं नांवेंहि त्यांत उच्चारावीं लागतात. गेल्या वर्षीं गुरुजींनीं प्रपितामहीचें नांव विचारतांच घरांतील पदवीधर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागली. दिवाणखान्यांतील वंशवृक्षांत नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत. स्त्री एकहि नाहीं! अखेर माजघरांतून आत्याबाईंनीं नांव सांगितलें, आणि वर म्हणाल्या, “पण हें सासरचें हो! आजीचें माहेरचें नांव निराळें होतें.”

तें कोणतें, हें त्यांसहि ठाऊक नव्हतें. लग्नांत ताटांतील तांदळांवर नवें नांव लिहिलें कीं मुलीचें पहिलें नांव मागें राहतें. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर, डॉ. आनंदीबाई जोशीहि माहेरच्या यमुनाच. देवराष्ट्रे गांवीं ‘रमा’ शोधणाऱ्यास ती कशी सांपडावी? परंतु रमाबाईंनीं १९१० सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. म्हणून जलालपूरची मनकर्णिका गोखले आज आपणांस माहीत आहे. आमच्या पणजीनें कांहींच लिहून ठेविलें नव्हतें.

आम्ही पंढरपुरास गेलों. तेथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदी असतात. पणजोबांची नोंद मिळाली. तिच्या शेवटीं एकच शब्द होता, ‘सहकुटुंब’. त्या शब्दांत आमची पणजी होती, पण नांवावांचून.

मग शोधाची दिशा फिरविली. तिच्या माहेरचें आडनांव आत्याबाईंस आठवत होतें. त्या घराण्याचा कुलवृत्तांत मिळवून पाहतों तों त्यांत मुलींचीं नांवें व त्यांच्या सासरचीं आडनांवें छापलेलीं! पांच बहिणींत तिसरी ती आमची पणजी. तें नांव वाचून दाखवितांच आत्याबाईंनीं डोळ्यांस पदर लावला.

आत्याबाई आतां ब्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांच्या मागें हें विचारावें असें आमच्या घरांत कोणी नाहीं. आणि वरच्या पिढ्यांतील सासवा-सुना तर कायमच्या हरपल्या. वाचकहो, आपल्या घरींहि अशी एखादी आत्या वा आजी असेलच. आजच सायंकाळीं वही घेऊन तिच्यापाशीं बसा. प्रत्येक स्त्रीचें माहेरचें नांव, तिचे आईबाप, गांव व भावंडें लिहून घ्या. पुढील महालयास गुरुजी पुन्हां नांव विचारणार आहेत.