लिनक्स चढलं नाही म्हणून संगणक भंगारात देताय? थांबा, आधी एवढं तपासा

तालुक्यात हल्ली भंगारवाल्याच्या टेम्पोत पत्रे आणि जुन्या सायकलींबरोबर संगणकाचे डबेही दिसायला लागलेत. कारण सगळ्यांना माहीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट बंद केला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण ती फक्त मुदतवाढ आहे. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे साधारण २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. आपल्या शाळा, वाचनालयं आणि सोसायट्यांकडे आहेत ते जास्त करून त्याच वयाचे.

मग कुणीतरी सांगतं, लिनक्स टाका, फुकट आहे. सांगणारा खोटं बोलत नाही. पण टाकायला घेतलं की मध्येच काहीतरी अडतं, आणि सगळे म्हणतात, "मशीनच गेलं." गडबड इथेच होते.

आमच्या वाचनालयात काय झालं

आमच्या गावातल्या वाचनालयाचा संगणक कोअर टू ड्युओचा, २ जीबी रॅमचा. पोरं त्यावर शिष्यवृत्तीचे आणि भरतीचे फॉर्म भरायची. कॉलेजातल्या एका पोराने हौसेने लिनक्स मिंट टाकायला घेतलं. तीन वेळा फसलं. समितीच्या बैठकीत ठरलं की भंगारात द्यायचा. भंगारवाल्याने चारशे रुपये सांगितले होते.

मी माझ्या बातम्या असल्याच एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून लिहितो. म्हणून म्हटलं, दोन दिवस द्या, मग काय ते करा.

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर आपण लगेच ती वर काढतो का? आधी फेज बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटार सगळ्यात शेवटी. संगणकाचंही तसंच आहे. सोपं आणि स्वस्त ते आधी तपासायचं.

पहिली अडचण: पेन ड्राइव्ह लागतच नाही

पोराने डाउनलोड केलेली फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून ठेवली होती. असं चालत नाही. ती रूफस किंवा बलेना एचर यांसारख्या फुकट सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर 'लिहावी' लागते. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो, पण त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं.

मग संगणक चालू करतानाच बूट मेनूचं बटण दाबायचं. कंपनीप्रमाणे ते एफ १२, एफ ९ किंवा एस्केप असतं. २०१२ नंतरच्या बऱ्याच मशीनवर तिथे पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसतं, एकदा पुढे 'यूईएफआय' लिहून आणि एकदा नुसतं. विंडोज ज्या पद्धतीने टाकलेलं असेल तीच इथेही निवडा. पद्धत बदलली तर सगळं नीट होऊनही शेवटी 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असं येतं आणि दोन तास वाया जातात.

आणखी एक. आधी ३२ बिटचं विंडोज होतं म्हणून मशीन ३२ बिटचंच असं धरू नका. कोअर टू ड्युओ ६४ बिटचा असतो, त्यावर विंडोज ३२ बिटचं टाकलेलं असायचं. मिंटच्या मुख्य आवृत्त्या आता फक्त ६४ बिटवर चालतात, म्हणून प्रोसेसरचं नाव बघून खात्री करा.

दुसरी अडचण: काळा स्क्रीन

मिंटचं नाव आलं आणि पुढे स्क्रीन काळा. जुन्या ग्राफिक्सच्या मशीनवर असं होतं. पेन ड्राइव्हवरून चालू होताना जो मेनू येतो, त्यात 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडला की बहुतेक वेळा काम होतं. आमचंही झालं.

तिसरी अडचण: निम्म्यावर थांबलं

ही खरी डोकेदुखी. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर 'इनपुट आउटपुट एरर' येऊन थांबायचं. हा संदेश आला की दोष चार ठिकाणी असू शकतो: डाउनलोड केलेली फाइल, पेन ड्राइव्ह, रॅम किंवा हार्ड डिस्क. अंदाजाने मशीन मोडीत काढायचं नाही, एकेक तपासायचं.

त्याच मेनूत 'इंटिग्रिटी चेक' असतो. तो फाइल नीट आहे का ते सांगतो. आमची फाइल खराब निघाली. जवळपास तीन जीबीचं डाउनलोड गावातल्या तुटक रेंजवर झालं होतं. तालुक्याच्या गावी जाऊन ते पुन्हा केलं.

तरी पुन्हा थांबलं. मग 'मेमरी टेस्ट' लावली. ती सावकाश चालते, जेवून यायचं. परत येऊन बघतो तर लाल ओळी. लाल म्हणजे रॅममध्ये दोष. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. बटण बंद करून, वायर काढून, एकेक पट्टी लावून पाहिली. एकीच्या पितळी दातांवर काळं साचलं होतं. शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासलं, पुन्हा बसवलं, लाल ओळी गेल्या. खर्च शून्य.

रॅम ठीक असूनही अडलं असतं तर पुढची पाळी हार्ड डिस्कची होती. मिंटमधल्या 'डिस्क' या प्रोग्राममध्ये तिची तब्येत कळते. ती खराब दाखवत असेल तर मात्र त्या डिस्कवर वेळ घालवू नका, डिस्कच बदला.

आणि लाइटचं वेळापत्रक बघूनच बसा. निम्म्यावर लाइट गेली तर तेही फसलेलंच.

चौथी अडचण: झालं, पण साइट उघडेना

लिनक्स चढलं, पण तारीख २००९ ची. त्यामुळे एकही सरकारी साइट उघडेना, कारण तारीख चुकली की सुरक्षित साइट संगणकाला खोट्या वाटतात. शिवाय दर वेळी बूटची सेटिंग विसरायचा. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर २०३२, संपला होता. तो बदलला, तारीख टिकली.

म्हणजे ज्या संगणकाला सगळ्यांनी मेलेलं ठरवलं होतं, त्याचे खरे दोष होते चुकीचा पेन ड्राइव्ह, अर्धवट फाइल, मळलेली रॅम आणि एक सेल.

टाकण्याआधी दोन गोष्टी

एक, बॅकअप. 'इरेज डिस्क' निवडलं की जुनं सगळं जातं, मागून रडून उपयोग नाही. विंडोज उघडत नसेल तरी लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, आणि त्यातून जुन्या फायली दुसरीकडे काढून घेता येतात. आमच्या पुस्तकांची नोंद अशीच वाचली.

दोन, संगणकावर काम काय चालतं ते लिहून काढा. फॉर्म भरणं, युनिकोड मराठी टायपिंग, पत्रं, हिशेब, व्हिडिओ, हे सगळं लिनक्सवर होतं. २ जीबी रॅमवर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, ४ जीबी असेल तर आणखी बरं. पण अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन आणि काही प्रिंटर लिनक्सवर अडतात. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फायलीही तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाहीत. जिथे रोज दाखले निघतात तिथे आधी चौकशी करा. उगाच सगळं पुसून ग्रामसेवकांचा शिव्याशाप घेऊ नका.

प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, माणसाचा आहे

केरळात सरकारी शाळांचे संगणक 'काइट' या सरकारी संस्थेने तयार केलेल्या लिनक्सवर चालतात. आपल्याकडे काय कमी आहे? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स कधीच बनवलंय. फरक एवढाच की केरळने शिक्षकांना शिकवलं आणि अडलं तर विचारायला यंत्रणा उभी केली. आपल्याकडे अडलं की जडवस्तू नोंदवहीत निर्लेखनाचा शेरा पडतो आणि विषय संपतो.

शिवाय भंगारात संगणक जातो तेव्हा हार्ड डिस्कही जाते. तिच्यात गावातल्या लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकांचे फोटो असतात. चारशे रुपयांत आपण तेही विकतो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. गावात किती ठिकाणी ते पाळलं जातं, तुम्हीच सांगा.

मागणी मोठी नाही. निर्लेखनाच्या आधी प्रत्येक संगणकाची अशी क्रमाने तपासणी व्हावी, आणि पंचायत समितीत एक जाणकार माणूस असावा ज्याला फोन करता येईल. लिनक्स मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. म्हणजे आज वाचवलेला संगणक पोरांना अजून काही वर्षं कामाला येतो.

वाचनालयाचा संगणक सध्या चालू आहे. सावकाश चालतो, पण चालतो. परवा दोन मुलींनी त्यावर भरतीचे फॉर्म भरले. नाहीतर त्याच फॉर्मसाठी त्यांना तालुक्याला जायचं एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस मोडावा लागला असता.