फार्मासिस्टांचे शिक्षण हजेरीपुरते ठेवाल, तर गाठ रुग्णांशी आहे

महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल, अन्न व औषध प्रशासन आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या केमिस्ट संघटना, या तिघांनाही हा जाहीर इशारा आहे. आजपासून नव्वद दिवसांची मुदत देत आहोत.

पाच वर्षांत एक-एक दिवसाचे दोन रिफ्रेशर कोर्स. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार नोंदणी चालू ठेवायला फार्मासिस्टाने एवढे केले की पुरते. नियम हजेरी मागतो, समज तपासत नाही. जुना डी.फार्म. अभ्यासक्रम १९९१ चा. तो बदलायला २०२० उजाडले. म्हणजे आज काउंटरवर उभ्या असलेल्या असंख्य फार्मासिस्टांचे शिक्षण त्या जुन्या पुस्तकांवर झाले आहे. नव्याने पदविका घेणाऱ्यांसाठी सरकारने एक्झिट परीक्षा आणली, ते योग्यच केले. मग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नोंदणी झालेल्याला दोन दिवसांवर मोकळे कसे सोडता? डॉक्टरला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास भरावे लागतात. त्याची चिठ्ठी वाचून औषध हातात देणाऱ्याला सूट कशासाठी?

या ढिलाईची किंमत कोण मोजतो ते सांगतो. माझ्या मावशीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिले होते, आठवड्यातून एकदाच घ्यायचे. सोबत फॉलिक ॲसिड. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळट. दुकानातल्या माणसाने पट्ट्या कापल्या, पाकिटावर पेनाने खुणा केल्या आणि "ही रोज रात्री" म्हणून नेमकी उलटी गोळी दाखवली. दोन आठवड्यांत तोंड आतून सोलून निघाले, पाणी गिळवेना, रक्तातल्या पेशी घसरल्या. ती वाचली. मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने माणूस दगावू शकतो, हे पुस्तकात छापलेले आहे. पट्टी देताना "कोणत्या वारी घेणार?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर हे टळले असते. तो प्रश्न विचारायची सवय शिकवावी लागते आणि पुन्हा पुन्हा शिकवावी लागते.

इन्सुलिनचेही तेच. ४० युनिटची बाटली वेगळी, १०० युनिटची वेगळी आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले तर अडीचपट डोस जातो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. २०२५ मध्ये छिंदवाड्यात कफ सिरपने मुले गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. बाटलीतले विषारी डायएथिलीन ग्लायकॉल काउंटरवर ओळखता येत नाही, तो दोष फार्मासिस्टाच्या माथी मारणे अन्याय होईल. पण क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालच्या मुलाला द्यायचे नाही, हे सांगणे त्याच्याच हातात असते. असे आदेश निघाल्यावर किती दिवसांत तालुक्याच्या दुकानापर्यंत पोहोचतात, याचा हिशेब कौन्सिलने द्यावा.

केमिस्ट बांधव म्हणतील, खर्चाचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही तो उडवून लावत नाही. भामरागड किंवा धडगावच्या एकट्या फार्मासिस्टाने प्रशिक्षणाला जिल्ह्याला जायचे म्हणजे दिवसाचा धंदा बुडतो, एसटीचे भाडे, कोर्सची फी. त्याच्या गैरहजेरीत चिठ्ठीवरचे औषध विकणे बेकायदा, म्हणून दुकान बंद ठेवायचे. मग गावातल्या रुग्णाला त्या दिवशी औषध नाही. तास वाढवून हा सगळा भार त्याच्याच डोक्यावर टाकला, तर प्रामाणिक माणूस पिचेल आणि सर्टिफिकेट भाड्याने देऊन घरी बसणारा खुशाल राहील. भिंतीवर एकाचे नाव, काउंटरवर दुसराच, हा प्रकार चालू असेपर्यंत कितीही तास वाढवा, ते रुग्णापर्यंत पोहोचणार नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या एकत्रच मान्य कराव्या लागतील. दरवर्षी किमान सहा तासांचे शिक्षण. त्यातले निम्मे मोबाइलवर, मराठीत आणि फुकट, बाकीचे तालुक्याच्या ठिकाणी, दुकानाच्या सुट्टीच्या वारी. खर्च नोंदणी व नूतनीकरणाच्या शुल्कातून. शेवटी खऱ्या चिठ्ठ्यांवर आधारलेली छोटी चाचणी. नापास झाला तर पुन्हा बसू द्या, नोंदणी लगेच काढू नका. आणि अन्न व औषध प्रशासनाने भाड्याच्या सर्टिफिकेटवर चालणारी दुकाने तपासून कारवाईची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करावी. त्यात टाळाटाळ झाली, तर बाकीच्या मागण्या मान्य झाल्या असे आम्ही समजणार नाही.

नियम दिल्लीत ठरतात, असे सांगून कौन्सिलने हात झटकू नयेत. प्रस्ताव पाठवायला आणि मराठीत अभ्यासक्रम तयार करायला दिल्लीने अडवलेले नाही. संघटनांनीही "बंद पुकारू" ही धमकी या वेळी देऊ नये. आजाऱ्याची अडवणूक करून शिक्षण टाळणाऱ्यांच्या मागे एकही रुग्ण उभा राहणार नाही.

नव्वद दिवसांत लेखी, तारखांसह कार्यक्रम हाती आला नाही, तर एक्क्याण्णवाव्या दिवशी प्रत्येक जिल्ह्यातून माहिती अधिकाराचे अर्ज पडतील: किती कोर्स झाले, काय शिकवले, किती शुल्क जमा झाले, कुठे खर्च झाले. फार्मासिस्ट गैरहजर असलेल्या दुकानांच्या तक्रारी तारीख, वेळ आणि बिलासह औषध निरीक्षकांकडे दाखल होतील, आणि पोच घेतल्याशिवाय आम्ही कचेरीतून हलणार नाही. त्या तक्रारी दाबल्या गेल्या, तर हीच बिले जोडून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू.