दोष मेंदीचा नव्हे, काळ्या कोनाचा



मागील अंकातील ‘मेंदीने हात पोळले’ हे पत्र वाचले. पत्रलेखिकेच्या भाचीला झालेला त्रास वाचून वाईट वाटले; पण ‘मुलींनी मेंदी लावूच नये’ हा त्यांचा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही. लग्नसराईत मी मेंदी काढते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मेंदी अर्ध्या तासात काळीभोर रंगली, असे त्यांनीच लिहिले आहे. मेंदीच्या पाल्यात असा रंग नसतोच! पाल्यातले लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला धरते, त्याला वेळ लागतो. पाच-सहा तासांनी लेप खरवडला की हात आधी केशरी दिसतो आणि दुसऱ्या दिवशी गडद तांबूस होतो. झटपट काळा रंग देते ते काळ्या कोनात मिसळलेले, केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन. त्याने फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे साधा कलपही सोसत नाही.

मी राजस्थानातल्या सोजतची मेंदी पावडर लिंबाचा रस, साखर आणि थोडे निलगिरी तेल घालून रात्रभर भिजवते. घटक न छापलेला तयार कोन घेऊ नये.

मात्र नैसर्गिक म्हणजे सर्वांना निर्धोक, असेही नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी शुद्ध मेंदीनेही फुटू शकतात. म्हणून बारशाला तान्ह्याच्या तळव्यावर मेंदीचा ठिपका लावायला मी साफ नकार देते, घरातल्या आजी रागावल्या तरी.

— एक वाचक, सातारा