खुर्च्या वाटणे थांबवा, आधी माप घ्या

पुढाऱ्याचा वाढदिवस आला की तालुक्याच्या गावी मांडव पडतो. ओळीने चाकाच्या खुर्च्या मांडल्या जातात, प्रत्येक खुर्चीत एक माणूस बसवला जातो, हार घातले जातात आणि छायाचित्र निघते. हा सोहळा केवळ सत्ताधाऱ्यांचा आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. आपल्याही कार्यकर्त्यांनी असे मांडव घातले आहेत आणि अशा एका व्यासपीठावर बसून मीही टाळ्या वाजवल्या आहेत. आज मला त्या टाळ्यांची लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

माझ्या पत्नीला गेली एकवीस वर्षे मल्टिपल स्क्लेरोसिस हा विकार आहे. या विकारात शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण कुरतडते. मेंदूने धाडलेला संदेश वाटेत अडखळतो आणि पाय, हात, दृष्टी, तोल यांपैकी काय केव्हा दगा देईल याचा नेम राहत नाही. हा विकार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कर्त्या वयात गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो. सकाळी काठी टेकत फिरणारी बाई एप्रिलच्या दुपारी अंग तापले की उभीही राहू शकत नाही, आणि संध्याकाळी गारवा आला की पुन्हा चार पावले टाकते. ज्यांना हे ठाऊक नाही ते तिला ढोंगी म्हणतात.

अशा माणसाला कोणते साधन द्यावे, या प्रश्नाला एकच एक उत्तर असू शकत नाही. एका पायात अशक्तपणा असेल तर काठी पुरते. मात्र ती बळकट बाजूच्या हातात धरावी लागते आणि हात सरळ सोडला असता तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी लागते. पाऊल लोंबून बोटे जमिनीला घासत असतील, तर नुसत्या काठीने भागत नाही. घोटा सावरून धरणारा स्प्लिंट लागतो. प्रत्येक पावलाला उचलून पुढे ठेवायचा वॉकर थकलेल्या माणसाची उरलीसुरली शक्ती खातो. त्याला चाके, ब्रेक आणि टेकायला बैठक असलेला वॉकर सोयीचा. पण हाताची पकड गेली असेल आणि ब्रेक दाबता येत नसेल, तर तोच घात करतो. चाकाची खुर्ची म्हणजे पराभव, ही समजूत तर सर्वांत अनर्थकारक आहे. घरात चालू शकणाऱ्या बाईने मंडईपर्यंत खुर्चीतून जावे, म्हणजे तेथे पोहोचल्यावर भाजी निवडण्याइतके त्राण तिच्यात उरते. अल्प साधनसंपत्ती कोठे खर्चावी, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. त्यात हार कसली?

आता वाटपाच्या खुर्चीचा अनुभव सांगतो. अशाच एका समारंभात माझ्या पत्नीलाही खुर्ची मिळाली. नको म्हणणे उद्धटपणाचे दिसले असते. खुर्चीची बैठक अठरा इंच रुंद होती, तिला हवी होती सोळा इंचांची. त्यामुळे ती सारखी एका कुशीवर कलत असे. खुर्चीची एकूण रुंदी सव्वीस इंच होती आणि आमच्या न्हाणीघराचे दार होते दोन फुटांचे. त्यातून खुर्चीचे हात पक्के जोडलेले. बिछान्यावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, दिवसातून सहा-सात वेळा मी तिला काखेत हात घालून उचलत असे. तिसऱ्या महिन्यात माझी कंबर गेली आणि तिचा खांदा दुखावला.

पुढे एक फिजिओथेरपिस्ट बाई मापाची फीत घेऊन घरी आल्या. त्यांनी तिची मापे घेतली, पण त्याचबरोबर पलंगाची, दाराची आणि माझ्या पाठीचीही चौकशी केली. मग बाजूचा हात काढता येणारी खुर्ची आली. पलंग खुर्चीच्या उंचीला आणला. दोहोंमध्ये टाकायला एक गुळगुळीत फळी आणि कमरेला धरायला एक रुंद पट्टा आला. खुर्चीचे ब्रेक आधी लावायचे आणि पायदाणे बाजूला करायची, हे आम्ही दोघेही शिकलो. दाराची चौकट वाढवली. उचलणे संपले, सरकणे सुरू झाले. त्या दिवशी ती म्हणाली, “आज मला कोणी पोत्यासारखे उचलले नाही.”

पोत्यासारखे! हा शब्द माझ्या मनातून गेला नाही. एका प्रौढ पुरुष कामगाराने ५५ किलोंहून अधिक वजन उचलू नये आणि स्त्रियांसाठी ही मर्यादा बरीच कमी असावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. या लढ्यांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण घराघरांतून पत्नी, आई, सून साठ-पासष्ट किलोंचे जिवंत ओझे दररोज उचलतात, त्यांच्यासाठी मर्यादा कोणी घातली? त्यांचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत. तो विषय मी पस्तीस वर्षे शिकवला आणि एकाही वर्गात याविषयी बोललो नाही, ही माझी कबुली.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. साधने बनवण्यासाठी १९७२ साली कानपूरला सार्वजनिक क्षेत्रात महामंडळ स्थापन झाले. साधनवाटपाची केंद्रीय योजना १९८१ पासून आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव घातले. पण योजनेच्या अटी पाहा. ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. तपासणीचा दिवस बरा उजाडला तर हा विकार डॉक्टरांना दिसणार किती? त्याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत साहाय्य घेतलेले नसावे. पण तीन वर्षांत काठीवरून खुर्चीवर आलेल्याने काय करावे? आणि १ जुलै २०१७ रोजी नवी करव्यवस्था आली, तेव्हा चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर बसवला गेला. म्हणजे चालण्यावरच कर! अपंगाचा दिव्यांग झाला, पण न्हाणीघराचे दार काही रुंद झाले नाही.

यावर काही मित्र म्हणतील, “गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा कशीबशी खुर्ची मिळाली तर बिघडले काय?” बिघडते ते असे, की बेमाप खुर्चीत दिवसभर बसल्याने अंगाला जखमा होतात, उचलणाऱ्याची कंबर जाते, आणि खुर्ची अखेर माळ्यावर चढते. गरिबाच्या वाट्याला येणारी चुकीची वस्तू स्वस्त नसते. तिची किंमत तो आपल्या अंगाने फेडतो.

मग पैसा कोठून आणायचा? आपल्या शहरांतून रुग्णसाहित्य केंद्रे अनामत घेऊन पलंग, वॉकर, खुर्च्या देतात व काम झाल्यावर परत घेतात. हीच कल्पना वाढवून प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात साधनांची पेढी मागा. तेथे मापे घेणारा फिजिओथेरपिस्ट असावा. साधन पंधरा दिवस वापरून पाहता यावे, विकार बदलला की बदलून मिळावे, मोडले तर दुरुस्त व्हावे, आणि उचलणाऱ्यालाही शिकवले जावे. एकाच्या माळ्यावरची खुर्ची दुसऱ्याच्या कामी आली तर खर्च वाढत नाही, घटतो. बदलत्या विकारांना तीन वर्षांची अट लागू नये, हीही मागणी करा.

तोवर आपण एवढे तरी पाळावे, की आपल्या पक्षाच्या मांडवात एकही खुर्ची माप घेतल्यावाचून दिली जाणार नाही. कार्यकर्त्याने आधी त्या घरी जावे, दार मोजावे, पलंग मोजावा, आणि उचलणाऱ्या बाईला तिची कंबर कशी आहे हे विचारावे. छायाचित्र निघाले नाही तरी चालेल.